‘स्क्वेअर’ म्हणजे चौरस? आधी कंपासपेटीतला गुण्या बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दारं-खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्या एका कंपनीची फिटिंगची इंग्रजी पुस्तिका तुम्ही मराठीत करताय. तिच्यात ‘स्क्वेअर’ हा शब्द जागोजागी येतो. शब्दकोशात पहिला अर्थ ‘चौरस’ दिसला म्हणून तुम्ही सगळीकडे तोच घातला. ‘मेक शुअर द फ्रेम इज स्क्वेअर’ या वाक्याचं तुम्ही ‘चौकट चौरस असल्याची खात्री करा’ असं केलंत आणि तपासणाऱ्यांनी ते परत पाठवलं. त्यांचा शेरा असा की चौकट २१०० बाय ९०० मिलिमीटरची आहे, ती चौरस कशी असेल? तुम्ही विचारताय की मूळ इंग्रजीच चुकलंय का, आणि ‘स्क्वेअर’साठी सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द कोणता.

मूळ इंग्रजी बरोबर आहे आणि तुमच्या तपासणाऱ्यांचा शेराही बरोबर आहे. सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द मात्र नाही. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेतलं, काही वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काम केलं आणि गेली २२ वर्षं यंत्रांच्या, बांधकामाच्या आणि जमिनीच्या कागदपत्रांचं मराठी करते आहे. या शब्दाशी माझी गाठ जवळजवळ दर आठवड्याला पडते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शाळेतली कंपासपेटी आठवा. तिच्यात प्लास्टिकचे दोन गुण्ये असायचे, एक ४५ अंशाचा आणि दुसरा ३०-६०चा. त्यांना इंग्रजीत ‘सेट स्क्वेअर’ म्हणतात. दोन्ही त्रिकोणी असतात. त्रिकोणी वस्तूला इंग्रजी माणूस ‘स्क्वेअर’ का म्हणतो? सुताराकडचा गुण्याही तसाच, लाकडी मुठीला काटकोनात बसवलेली एक पोलादी पट्टी. तोही ‘ट्राय स्क्वेअर’. त्याला तर दोनच बाजू आहेत. या तिन्ही वस्तूंत सारखं काय आहे ते बघितलं की शब्दाचं मर्म हाती लागतं. तिन्हींत एक काटकोन आहे. इंग्रजीतल्या ‘स्क्वेअर’चा जीव त्या कोपऱ्यात आहे, बाजूंच्या सारखेपणात नाही.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. लॅटिनमध्ये ‘क्वात्तुओर’ म्हणजे चार. त्यावरून चौकोनी करणं, कोपरे नेटके करणं या अर्थाचं क्रियापद आलं, ते जुन्या फ्रेंचमधून फिरत तेराव्या शतकात इंग्रजीत पोचलं. तिथे ‘स्क्वेअर’ हे आधी हत्याराचं नाव होतं, म्हणजे गवंड्याचा नि सुताराचा गुण्या. चार समान बाजूंची आकृती हा अर्थ त्याच्या मागून आला. आपण शाळेत भूमितीतून शब्द शिकतो म्हणून क्रम उलटा वाटतो.

आपला ‘चौरस’ तरी वेगळा कुठे आहे? तो संस्कृत ‘चतुरस्र’वरून आला. ‘अस्र’ म्हणजे कोपरा. म्हणजे मुळात ‘चार कोपऱ्यांचा’ एवढंच. बाजू सारख्या असल्याचं त्यात काहीच नाही. म्हणूनच शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, वेदीचा चौरस सांगताना ‘समचतुरश्र’ असं ‘सम’ लावून म्हणावं लागलं. पुढे मराठीत तो ‘सम’ गळला आणि अर्थ मात्र टिकला. संस्कृत ‘चतुर्’ आणि लॅटिन ‘क्वात्तुओर’ एकाच मुळाचे, त्यामुळे चौरस, चौक, चौकट आणि इंग्रजी स्क्वेअर ही लांबची भावंडंच म्हणायची.

आता तुमच्या वाक्याकडे येते. इंग्रजी बांधकामात तीन शब्द बरोबरीने फिरतात: ‘प्लंब, लेव्हल अँड स्क्वेअर’. आपल्या कारागिरांकडे या तिन्हींना शतकांपासून चालत आलेले शब्द आहेत, आणि ते इतके नेमके आहेत की पुस्तिकांमधून ते वगळले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. उभं सरळ असेल तर ते ओळंब्यात आहे. आडवं सपाट असेल तर ते पाणसळीत आहे, हल्ली बरेच जण लेव्हलमध्ये म्हणतात. आणि कोपरा काटकोनात असेल तर तो गुण्यात आहे. तिन्ही शब्द त्या त्या हत्यारावरून आलेत, इंग्रजी ‘प्लंब’ आणि ‘स्क्वेअर’ आलेत तसेच. तेव्हा तुमचं वाक्य ‘चौकट गुण्यात असल्याची खात्री करा’ असं व्हायला हवं.

पण इथे एक ‘अवलंबून आहे’ येतं. पुस्तिका कोण वाचणार? फिटर, सुतार, गवंडी वाचणार असतील तर ‘गुण्यात’ लिहा, पुढे काही समजावायची गरज नाही. घरमालक स्वतः दार बसवणार असेल, किंवा ऑनलाइन मागवलेलं कपाट जोडणारं एखादं तरुण जोडपं वाचणार असेल, तर ‘चारही कोपरे काटकोनात असल्याची खात्री करा’ असं लिहा. मी स्वतः बऱ्याचदा पहिल्यांदा ‘गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात’ असं लिहिते आणि पुढे नुसतं ‘गुण्यात’ ठेवते. शंका असेल तर शब्दकोश उघडण्याआधी जवळच्या साइटवर जाऊन गवंड्याला विचारा. तालुका बदलला की शब्दही बदलतो.

चौकट गुण्यात आहे की नाही हे तपासायची रीत तुमच्या पुस्तिकेत पुढे असेलच. ती समजून घेतली तर भाषांतर चुकणार नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चौकट गुण्यात. २१०० बाय ९००च्या चौकटीचा प्रत्येक कर्ण साधारण २२८५ मिलिमीटर भरायला हवा. एक २२९५ आणि दुसरा २२७५ भरला, तर बाजू अचूक असूनही चौकट कललेली आहे, दार घासणार. चारही बाजूंची मापं बिनचूक असताना चौकट ‘आउट ऑफ स्क्वेअर’ असू शकते ती अशी. ‘चौरस नाही’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

मोठ्या कामावर, प्लॉट आखताना वगैरे, गवंडी ३-४-५ने काटकोन काढतात. दोरीने एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट घ्यायचे आणि तिरकं माप ५ फूट येईपर्यंत बाजू हलवायची. मोठं हवं असेल तर ६-८-१०. बौधायन शुल्बसूत्रात कर्णाचा नियम सांगून झाल्यावर ज्या जोड्या दिल्यात, त्यांत ३ आणि ४ची जोडी पहिली आहे. ‘शुल्ब’ म्हणजेच दोरी. आजही साइटवर चुन्याची रेघ मारण्याआधी तीच दोरी ताणतात.

इथवर कोपऱ्याचं झालं. ‘स्क्वेअर’चा दुसरा मोठा प्रांत म्हणजे क्षेत्रफळ. तिथे चुकीची किंमत सरळ पैशांत मोजावी लागते, म्हणून जरा थांबून सांगते.

‘टेन स्क्वेअर फीट’ आणि ‘टेन फीट स्क्वेअर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे १० चौरस फूट. दुसरी म्हणजे १० फूट बाय १० फूट, अर्थात १०० चौरस फूट. शब्द तेच, जागा बदलली की उत्तर दहापट. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून ही चूक झाली होती. पाण्याच्या टाकीच्या पायाच्या सूचनांमध्ये ‘ट्वेंटी फीट स्क्वेअर’ होतं आणि मी ‘२० चौरस फूट’ लिहून मोकळी झाले. पाया ६ इंच जाडीचा होता. २० बाय २०ला २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास काँक्रीट लागतं. माझ्या मराठीप्रमाणे १० घनफूट लागलं असतं. साइटच्या सुपरवायझरला टाकीचा व्यास १६ फूट असल्याचं माहीत होतं, त्याने फोन करून विचारलं की एवढ्याशा पायावर ही टाकी उभी कशी राहायची? चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून ‘स्क्वेअर’ मापाच्या मागे आला की मी ‘बाय’ लावून लिहिते. ‘२० फूट बाय २० फूट’ हे लांब वाटेल, पण त्याचा दुसरा अर्थ कोणी काढू शकत नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजधानीच्या प्रदेशाबद्दल ‘टेन माइल्स स्क्वेअर’पेक्षा मोठा नसावा असे शब्द आहेत. मूळचा कोलंबिया जिल्हा त्यानुसार १० मैल बाय १० मैल आखला गेला, म्हणजे १०० चौरस मैलांचा. वर्तमानपत्रांसाठी लिहिणारे तुमचे मित्र असतील तर त्यांना हे जरूर सांगा. याउलट लंडनच्या जुन्या व्यापारी भागाला लाडाने ‘द स्क्वेअर माइल’ म्हणतात. तिथे अर्थ क्षेत्रफळाचाच आहे. तो भाग एका चौरस मैलाहून थोडा जास्त भरतो आणि आकाराने अजिबात चौरस नाही.

आपला गुंठा यासाठी उत्तम उदाहरण आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा विचित्र वाटणारा आकडा ३३ फूट बाय ३३ फूट असा येतो, म्हणजे इंग्रजीत गुंठा ‘थर्टी-थ्री फीट स्क्वेअर’ आहे. आणि ३३ फूट ही ६६ फुटांच्या मोजणीच्या साखळीची निम्मी लांबी. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२०मध्ये ही साखळी रूढ केली. १० चौरस साखळ्यांचा एक एकर, म्हणून ४० गुंठ्यांचा एक एकर, ४३,५६० चौरस फूट. अर्थात तुमचा गुंठाभर प्लॉट ३३ बाय ३३ असेलच असं नाही, तो २० फूट रुंद आणि साडेचोपन्न फूट लांबही असू शकतो. खरेदीखतात म्हणून चतुःसीमा आणि बाजूंची मापं लागतात, नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही.

वायरचंही तसंच. इलेक्ट्रिशियन ‘अडीचची वायर’ मागतो तेव्हा ते २.५ चौरस मिलिमीटर असतं, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. तांब्याची एकच तार असेल तर तिचा व्यास जेमतेम १.८ मिलिमीटर भरतो. पण तुमच्या पुस्तिकेत दाराच्या मुठीचा ‘एट एमएम स्क्वेअर स्पिंडल’ आला असेल, तर तिथे ८ मिलिमीटर ही बाजू आहे. ती ‘८ मिमी बाजूची चौरस दांडी’ झाली. ‘८ चौरस मिमीची दांडी’ लिहिलंत तर ती तीन मिलिमीटरपेक्षाही बारीक निघेल आणि मूठ फिरवताच पिळवटेल. अमेरिकी छप्परवाले ‘अ स्क्वेअर’ म्हणतात तेव्हा तर ते पूर्ण एककच असतं, १०० चौरस फूट छप्पर. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, ब्रास. फक्त वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा असतो, त्यामुळे तिथे ‘१०० चौरस फूट’ असंच लिहिणं बरं.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत सांगायचं तर, ‘स्क्वेअर’ दिसला की आधी विचारा: बोलणं कोपऱ्याबद्दल आहे, क्षेत्रफळाबद्दल आहे की बाजूबद्दल? कोपरा असेल तर गुण्यात किंवा काटकोनात, क्षेत्रफळ असेल तर चौरस अमुक, बाजू असेल तर अमुक बाय अमुक.

गणितात आपल्याकडे सोय जास्त चांगली आहे. इंग्रजीत आकृतीही ‘स्क्वेअर’ आणि पाचाचा पंचवीसही ‘स्क्वेअर’. आपण आकृतीला चौरस म्हणतो आणि संख्येला वर्ग. पूर्वी आपल्याकडेही एकच शब्द होता. आर्यभटाने ४९९च्या सुमारास लिहिलं: ‘वर्गः समचतुरश्रः फलं च सदृशद्वयस्य संवर्गः’. म्हणजे समभुज काटकोनी चौकोन हा वर्ग, त्याचं क्षेत्रफळही वर्ग, आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकारही वर्ग. तीन अर्थ त्याने एका ओळीत बांधले. हिंदीत आजही ‘वर्ग फुट’ म्हणतात, मराठीत ‘चौरस फूट’. हिंदीतून भाषांतर झालेल्या जाहिरातींत ‘वर्गफूट’ घुसलेला दिसतो, तो काढून टाका. मराठीत ‘वर्ग’वर आधीच शाळेचा वर्ग, समाजातला वर्ग आणि रक्कम खात्यात वर्ग करणं एवढा भार आहे.

मुलांना पडणारा एक प्रश्न इथेच सुटतो. वर्गसमीकरणाला इंग्रजीत ‘क्वाड्रॅटिक’ म्हणतात. ‘क्वाड’ म्हणजे चार, मग घात दोनच कसा? कारण तिथला ‘क्वाड्रॅटस’ म्हणजे चौरस आकृती. बाजू क्ष, तर क्षेत्रफळ क्षचा वर्ग. चार हे चौरसाच्या कोपऱ्यांचे आहेत, घाताचे नाहीत. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच वहीत चौरस काढून बघितला. तेवढ्यानेच पुरतं, सूत्र पाठ करायला लावू नका.

‘स्क्वेअरिंग द सर्कल’ हा वाक्प्रचारही गणितातून आलाय. वर्तुळाच्या क्षेत्रफळाएवढाच चौरस फक्त पट्टी आणि कंपासने काढायचा. १८८२मध्ये लिंडेमान या जर्मन गणितज्ञाने ‘पाय’ (π) या संख्येबद्दल जे सिद्ध केलं, त्यावरून हे अशक्य असल्याचं नक्की झालं. त्यामुळे अग्रलेखात कोणी ‘सरकार वर्तुळाचा चौरस करतंय’ असं लिहिलं तर वाचकाला काही बोध होत नाही. तिथे ‘न जुळणाऱ्या गोष्टी जुळवण्याचा खटाटोप’ असं सरळ म्हणावं.

गावातली जागा म्हणून ‘स्क्वेअर’ आला की बहुतेक जण ‘चौक’ लिहितात, आणि ते पुष्कळदा जमतं. फरक एवढाच, आपला चौक म्हणजे रस्ते जिथे मिळतात ती जागा, तर युरोपातला स्क्वेअर म्हणजे इमारतींनी वेढलेली मोकळी जागा. तो अर्थ खरं तर वाड्यातल्या चौकाच्या जवळ जातो. नागपुरात इंग्रजी बोलताना चौकाला सर्रास ‘स्क्वेअर’ म्हणतात, व्हरायटी स्क्वेअर वगैरे. पुण्यात मात्र इंग्रजी वाक्यातही ‘चौक’च राहतो. न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर आकाराने चौरस नाही, ब्रॉडवे हा तिरका रस्ता सातव्या अव्हेन्यूला छेदतो तिथली ती निमुळती जागा आहे. नावांत ‘स्क्वेअर’ असेल तर नाव तसंच ठेवा. ‘टाइम्स चौक’ करू नका.

या जागेच्या अर्थाला लागूनच एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. सैन्य चारही दिशांना तोंड करून उभं राहतं, मधे बाजारबुणगे आणि सामान, त्या रचनेला इंग्रजीत ‘हॉलो स्क्वेअर’ म्हणतात. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या सल्ल्याने हीच रचना करून दिल्लीकडे सरकायचं ठरवलं होतं. मराठी इतिहासात तिचं नाव काय? ‘गोलाची लढाई’. एकच रचना इंग्रजाला चौरस दिसली, आपल्याला गोल. इंग्रजाने कोपरे पाहिले, आपण वेढा पाहिला. पानिपतावरच्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी करताना कोणी ‘पोकळ चौरस’ लिहिलेलं वाचलं की मला कळवळून सांगावंसं वाटतं की आपल्याकडे याचा शब्द आधीपासून आहे. ‘स्क्वॉड’ आणि ‘स्क्वॉड्रन’ हेही अशाच चौकोनी रचनेच्या इटालियन नावावरून आलेत. दगडाच्या खाणीला ‘क्वारी’ म्हणतात तेही या घराण्यातलं. जिथे दगड घडवून चौकोनी करतात ती जागा. मराठीत तसा दगड ‘घडीव’; ‘चौरस दगड’ नव्हे.

क्रिकेटचं उदाहरण सगळ्यात सोपं. स्क्वेअर लेगचा पंच कुठे उभा असतो? खेळपट्टीच्या रेषेशी काटकोनात, फलंदाजाच्या क्रीझच्या सरळ रेषेत. गुंडाप्पा विश्वनाथचा स्क्वेअर कट जायचा तोही त्याच काटकोनात. इथे चौरस आकृती मैदानावर कुठेच नाही, फक्त दिशा आहे. ज्याला स्क्वेअर लेग कळतो त्याला ‘फ्रेम इज स्क्वेअर’ कळायला हवं, एवढा हा अर्थ सरळ आहे. मैदानाच्या मधल्या, खेळपट्ट्या बनवलेल्या राखीव पट्ट्यालाही ‘स्क्वेअर’ म्हणतात. रेडिओवर मराठी समालोचन करणाऱ्यांनी हे शब्द तसेच ठेवले आणि ते योग्य केलं.

गुण्यावरूनच नीतीचे अर्थ आले. ज्याचा कोपरा नीट बसतो तो माणूस खरा. ‘ऑन द स्क्वेअर’ म्हणजे प्रामाणिक, ‘फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे कुठलीही लबाडी न करता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ‘स्क्वेअर डील’चं आश्वासन देत होते, त्यात आकृतीचा संबंध नव्हता, सगळ्यांना न्याय्य वागणूक एवढाच अर्थ होता. मराठीत हे काम रेषेकडे आहे: सरळ माणूस, सरळमार्गी, सरळ व्यवहार, आणि उलट बाजूला वाकडी चाल. म्हणून अशा जागी कोपरा सोडून द्या आणि ‘सरळ’ शब्दाकडे या. ‘ही बीट मी फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे ‘त्याने मला सरळ खेळून हरवलं’.

हिशेबाचंही तसंच. ‘नाउ वी आर स्क्वेअर’ याला मराठीत ‘फिटंफाट झाली’ यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. सामन्यात ‘ऑल स्क्वेअर’ म्हणजे बरोबरी. ‘हिज स्टोरी डझन्ट स्क्वेअर विथ द फॅक्ट्स’ म्हणजे त्याच्या सांगण्याचा वस्तुस्थितीशी मेळ बसत नाही. ‘बॅक टू स्क्वेअर वन’मधला स्क्वेअर म्हणजे पटावरचं घर. बुद्धिबळाच्या पटावर ६४ चौरस नसतात, ६४ घरं असतात. पण ‘पुन्हा पहिल्या घरात’ म्हणण्यापेक्षा ‘पहिले पाढे पंचावन्न’ जास्त मराठी. १९४०च्या दशकातल्या अमेरिकी जॅझवाल्यांच्या बोलीत जुन्या वळणाच्या माणसाला ‘स्क्वेअर’ म्हणू लागले. तो शब्द तुम्हाला कथा-कादंबरीतच भेटेल.

जेवणाच्या बाबतीत एक फसवी जागा आहे. ‘स्क्वेअर मील’ आणि ‘चौरस आहार’ ही जोडी हुबेहूब दिसते, पण चौरस आहार म्हणजे सर्व अन्नघटक असलेला समतोल आहार, तर स्क्वेअर मील म्हणजे पोटभर, समाधानाचं जेवण. जहाजावरच्या चौकोनी लाकडी ताटांवरून हा शब्द आला ही गोष्ट इंटरनेटवर खूप फिरते. तिला आधार नाही. तो एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला शब्द आहे आणि त्यातला ‘स्क्वेअर’ हा ‘खरा, पुरेपूर’ या अर्थाचा. ‘थ्री स्क्वेअर मील्स अ डे’ मराठीत ‘दोन वेळचं पोटभर जेवण’ होतं. तीनाचे दोन झाले म्हणून बिचकू नका, मराठी माणूस असंच बोलतो. आणि पाककृतीत ‘कट इनटू स्क्वेअर्स’ आलं तर ‘चौरसांमध्ये कापा’ लिहू नका. ‘वड्या पाडा’ म्हणा.

आता तुमच्या पुस्तिकेतली तुम्ही दिलेली उरलेली वाक्यं घेते. ‘कट द पॅकिंग स्क्वेअर अ‍ॅट बोथ एंड्स’ म्हणजे पॅकिंगची दोन्ही टोकं काटकोनात कापा, तिरकी नकोत. पॅकिंग चौरस करायची नाही. ‘स्क्वेअर हेड बोल्ट’ म्हणजे चौकोनी डोक्याचा बोल्ट, बाजारात असंच मागतात. ‘स्क्वेअर अप द फ्रेम बिफोर टाइटनिंग द स्क्रूज’ म्हणजे ‘स्क्रू आवळण्याआधी चौकट गुण्यात आणा’. ‘स्क्वेअर टु द वॉल’ म्हणजे भिंतीशी काटकोनात. कोष्टकातल्या ‘एसक्यू एम’ला चौरस मीटर किंवा ‘चौमी’.

शेवटचं जे वाक्य आहे, भिंतीतली जागा ‘आउट ऑफ स्क्वेअर बाय मोअर दॅन फाइव्ह एमएम’ असेल तर चौकट बसवू नका, ते मात्र मी तुम्हाला आत्ता करून देऊ शकत नाही. हे ५ मिलिमीटर कुठे मोजायचे ते वाक्यात नाही. दोन कर्णांमधला फरक ५ मिलिमीटर, की कोपऱ्यात गुण्या लावल्यावर त्याच्या पट्टीच्या टोकाशी दिसणारी फट ५ मिलिमीटर? दुसरा अर्थ धरला तर गुण्याची पट्टी किती लांब तेही लागेल. ३०० मिलिमीटरच्या पट्टीच्या टोकाशी ५ मिलिमीटर फट म्हणजे कोपरा जवळजवळ एक अंशाने चुकलेला, आणि २१०० मिलिमीटर उंचीवर तीच चूक ३५ मिलिमीटर होते. अशा जागेत दार बसणारच नाही. बहुधा त्यांना कर्णांमधला फरक अभिप्रेत असावा, पण हा अंदाज आपण करायचा नाही. कंपनीच्या इंजिनियरला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या, आणि मग ‘दोन्ही कर्णांच्या मापांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असल्यास’ किंवा त्यांचं जे उत्तर येईल ते मोजण्याची जागा धरून स्पष्ट लिहा.